दारापर्यंत आणि दारापलीकडे : अमेरिकेतील चार्टर शाळांची वाटचाल

इतिहास वाचताना कधीकधी एखाद्या चळवळीची सारी वाटचाल एका लहानशा शब्दात सामावलेली आढळते. अमेरिकेतील गरीब शहरी वस्त्यांत शाळा चालवणाऱ्या 'किप' या संस्थेने आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी एक उपक्रम सुरू केला होता. त्याचे नाव 'किप टु कॉलेज'. पुढे ते बदलून 'किप थ्रू कॉलेज' करण्यात आले. 'टु' जाऊन 'थ्रू' आले, इतकेच. मराठीत सांगायचे तर 'कॉलेजपर्यंत'च्या जागी 'कॉलेजातून पार' आले. फलक रंगवणाऱ्याचे काम दोनचार अक्षरांनी वाढले असेल. परंतु या दोन शब्दांतले अंतर कळायला त्या संस्थेला मुलांची एक आख्खी फळी महाविद्यालयाच्या दारात पोहोचून परत फिरलेली पाहावी लागली.

आम्ही साहित्य वाचणारी आणि शिकवणारी माणसे. शिक्षणविषयक अहवाल हा काही आमच्या आवडीचा वाङ्मयप्रकार नव्हे. तथापि, शब्द कसे घडतात, कसे घसरतात आणि क्वचित कसे सुधारतात हे पाहण्याची सवय असल्यामुळे या शाळांचा इतिहास आम्हांला मुख्यतः चारपाच शब्दांचा इतिहास वाटतो. त्या वाटेनेच तो येथे मांडत आहोत.

पहिला शब्द 'चार्टर', म्हणजे सनद. मराठी वाचकाला या शब्दाची दोन कुळे ठाऊक आहेत. एक राजाने इनामदाराला दिलेल्या सनदेचे. दुसरे ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे, जिच्या १८१३ सालच्या नूतनीकरणात हिंदुस्थानातील शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद झाली आणि जिच्यामुळे आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत अजूनही एक हमखास प्रश्न येतो. अमेरिकेतल्या शाळांच्या संदर्भात हा शब्द प्रथम वापरला रे बडी या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील प्राध्यापकाने. १९७४ साली त्याने ही कल्पना मांडली तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही; १९८८ मध्ये ती पुस्तिकारूपाने आली. कल्पना साधी होती. शाळामंडळाने शिक्षकांच्या एखाद्या गटाला ठरावीक मुदतीची सनद द्यावी, एखादा विषय किंवा विभाग नव्या पद्धतीने शिकवून पाहण्याची मोकळीक द्यावी आणि मुदत संपली की हिशेब घ्यावा. संपूर्ण शाळाच सनदेवर देण्याचा विचार त्यात नव्हता.

त्याच वर्षी ही कल्पना उचलली अल्बर्ट शँकर यांनी. येथे थोडे थांबावे लागेल, कारण आज चार्टर शाळा म्हटले की शिक्षक संघटनांचा विरोध आठवतो आणि शँकर तर अमेरिकेतील एका बलाढ्य शिक्षक महासंघाचे अध्यक्ष होते. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात दर रविवारी पैसे मोजून जाहिरातीच्या जागेत आपला स्तंभ छापून आणणारे हे गृहस्थ. ३१ मार्च १९८८ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये केलेल्या भाषणात त्यांनी सुचवले की शिक्षकांना शाळेच्या आत आपली वेगळी शाळा काढू द्यावी. आणि जुलैमधल्या स्तंभात बडी यांचे ऋण मान्य करून त्या शाळेला 'चार्टर' हे नाव दिले. नव्या भूमीच्या शोधात निघालेल्या दर्यावर्दींना मिळणाऱ्या सनदांचीही आठवण त्यांनी तेथे करून दिली. (ज्यांच्या भूमीचा असा शोध लागला त्यांच्या वंशजांना हे रूपक किती रुचेल, हा प्रश्न अर्थातच वेगळा.)

शँकरांच्या मनात मात्र दर्यावर्दींपेक्षा एक प्रत्यक्ष शाळा होती. आदल्या वर्षी त्यांनी जर्मनीत कलोन शहराच्या होल्वायडे भागातील एक शाळा पाहिली होती. तिथे तुर्की आणि मोरोक्कन स्थलांतरितांची मुले जर्मन मुलांच्या शेजारी बसत. सहा-आठ शिक्षकांचा एक गट शंभर-सव्वाशे मुलांची जबाबदारी घेई आणि पाचवीपासून दहावीपर्यंत तोच गट त्याच मुलांबरोबर राही. वेळापत्रक कसे असावे, कोणत्या मुलाला कोणाबरोबर बसवावे, हे ते शिक्षकच ठरवत. सहा वर्षे तेच शिक्षक, तीच मुले. या तपशिलाकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण पुढच्या घाईत तो हरवला आणि फार उशिरा, वेगळ्या वेषात परत आला.

शँकरांचे बोलणे मिनेसोटातील काही लोकांनी मनावर घेतले. त्यांत एम्बर रायकगॉट या राज्याच्या सिनेट सदस्या होत्या. त्यांच्या प्रयत्नांतून १९९१ साली मिनेसोटात पहिला चार्टर कायदा झाला. राज्यभरात फक्त आठ शाळांना परवानगी, आणि शाळेच्या संचालक मंडळात शिक्षकांचे बहुमत असावे अशी अट. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये सेंट पॉल शहरात 'सिटी अकॅडमी' उघडली. शाळा सोडून रस्त्यावर आलेल्या तरुण मुलामुलींसाठी ती होती. काढणाऱ्यांत मायलो कटर या शिक्षिका होत्या. म्हणजे देशातली पहिली चार्टर शाळा ही मुळात गळतीची शाळा. ज्यांना कोणी घेत नव्हते त्यांना बारावी पार करवणे हाच तिचा उद्देश.

येथे एक खुलासा केलेला बरा. अमेरिकेत सरकारी शाळा कोणती हे बहुधा राहत्या पत्त्यावर ठरते आणि शाळांच्या निधीचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. त्यामुळे गरीब वस्तीचे मूल आणि गरीब शाळा यांची गाठ पत्त्यानेच बांधलेली असते. चार्टर शाळा सार्वजनिक पैशावर चालते, शुल्क घेत नाही, प्रवेश परीक्षा घेऊ शकत नाही. अनेक नियमांतून तिला सूट असते, पण सनदेत कबूल केलेले निकाल दिसले नाहीत तर तिला टाळे लागू शकते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. आणखी एक शब्दाची गंमत. अमेरिकेत बारावी झालेल्यालाही 'ग्रॅज्युएट' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द पदवीपाशी जाऊन बसला आहे. या लेखात दोन्ही टप्पे येतात आणि सारा प्रश्न त्या दोहोंमधल्या रस्त्याचाच आहे.

मिनेसोटापाठोपाठ १९९२ मध्ये कॅलिफोर्निया आणि मग एकामागून एक राज्ये आली. कायदे बदलत गेले, शिक्षकांच्या बहुमताची अट बहुतेक ठिकाणी आलीच नाही, काही राज्यांत नफा कमावणाऱ्या कंपन्या शिरल्या. शँकर १९९३ पर्यंत या कल्पनेचे टीकाकार झाले होते. १९९७ साली ते वारले. जन्मदात्यानेच नाव टाकलेले हे अपत्य त्यानंतर झपाट्याने वाढले.

वाढीच्या या काळातले सर्वांत प्रभावी नाव 'किप'. १९९४ साली ह्यूस्टनमध्ये 'टीच फॉर अमेरिका' या योजनेतून आलेल्या दोन तरुण शिक्षकांनी पाचवीचा एक वर्ग सुरू केला. त्यांना खरे शिकवणे शिकवले ते हॅरिएट बॉल या अनुभवी कृष्णवर्णीय शिक्षिकेने. त्या पाढे आणि व्याकरण तालावर, टाळ्यांवर, गाण्यासारखे शिकवत. संस्थेच्या नावातले 'ज्ञान हीच शक्ती' हे शब्दही त्यांच्याच एका गाण्यातून आलेले. ह्यूस्टननंतर १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये दुसरी शाळा निघाली. सकाळी साडेसातपासून संध्याकाळी पाचपर्यंत शाळा, काही शनिवारी शाळा, उन्हाळी सुट्टीतले काही आठवडे शाळा. गृहपाठ अडला तर शिक्षकाला रात्री घरी फोन करायचा. मूल, पालक आणि शिक्षक या तिघांनी सही केलेला करारनामा. आणि वर्गाचे नाव 'पाचवी अ' असे नव्हे, तर ती मुले ज्या वर्षी महाविद्यालयात जातील ते वर्ष. दहा वर्षांच्या मुलाला रोज आपल्या भविष्याचा सन दारावर लिहिलेला दिसे. ही कल्पना आम्हांला आजही हलवून जाते, हे मान्य करतो.

आता तिसरा शब्द, किंवा शब्दांची जोडी : 'नो एक्स्क्यूझेस'. मराठीत 'सबब चालणार नाही'. २००० साली सॅम्युअल केसी कार्टर यांच्या पुस्तिकेने आणि २००३ साली थर्नस्ट्रॉम दांपत्याच्या पुस्तकाने हा शब्दप्रयोग रूढ केला. मुळात तो मोठ्या माणसांना उद्देशून होता. मुले गरीब आहेत, घरी पुस्तक नाही, वडील तुरुंगात आहेत, म्हणून ती शिकत नाहीत, ही सबब शाळेने सांगू नये. या अर्थी हे वाक्य शिक्षकाच्या तोंडावर ठेवलेला आरसा होते. पण शब्द वर्गात शिरला आणि त्याचा रोख फिरला. आता सबब मुलाची चालेनाशी झाली. पट्टा विसरला, सदरा बाहेर आला, शिक्षक बोलत असताना नजर हलली, मार्गिकेतून चालताना कुजबुज झाली, तर लगेच खूण, शिक्षा, शाळेनंतर थांबणे. शिकागोतील नोबल या शाळासमूहात अशा थांबण्याबद्दल पाच डॉलर आकारले जात. बऱ्याच टीकेनंतर २०१४ मध्ये ते बंद झाले. बसायचे कसे, मान डोलवायची केव्हा, बोलणाऱ्याकडे पाहायचे कसे, याचीही आद्याक्षरी सूत्रे तयार झाली. मोठ्यांवरची जबाबदारी मुलांच्या खांद्यावर अशी सरकली. ज्या भाषेत 'आम्ही सबब सांगणार नाही' याचे 'तू सबब सांगू नकोस' असे इतक्या सहज होते, तिच्याविषयी सावध राहायला हवे.

असे असूनही एक गोष्ट नाकारता येणार नाही. हे सारे मिळून शहरी गरीब मुलांच्या परीक्षांचे निकाल अनेक ठिकाणी खरोखर सुधारले. देशभरातल्या चार्टर शाळांचे एकत्रित चित्र सामान्य होते : स्टॅनफर्डच्या २००९ सालच्या पाहणीत गणितात १७ टक्के शाळा जवळच्या सरकारी शाळांहून सरस, ३७ टक्के त्यांच्याहून वाईट, उरलेल्या तशाच. पण २०१५ साली त्याच अभ्यासकांनी ४१ शहरी भागांचा वेगळा अभ्यास केला तेव्हा तेथील चार्टर शाळांतली मुले वाचन आणि गणित या दोन्हींत सरकारी शाळांतल्या तशाच मुलांच्या पुढे होती. शाळांच्या प्रवेशद्वारावर महाविद्यालयांची निशाणे लागली, प्रवेशपत्रे मिळाल्याचे सोहळे होऊ लागले. शिकागोच्या एंगलवुड भागात २००६ साली उघडलेल्या 'अर्बन प्रेप' या मुलांच्या शाळेतून २०१० मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. १०७ मुले, सगळी कृष्णवर्णीय, आणि प्रत्येकाला चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश. प्रवेश मिळाला की मुलाच्या गळ्यातला लाल टाय काढून पट्ट्यांचा टाय बांधला जाई. सुरुवातीच्या वर्गातली जी मुले मधल्या चार वर्षांत निघून गेली ती अर्थात त्या छायाचित्रात नव्हती. 'शंभर टक्के' या आकड्याचा छेद काय आहे हे विचारण्याची पद्धत सोहळ्यात नसते.

आणि मग २०११ साल. 'किप'ने स्वतःच एक अहवाल प्रसिद्ध केला. ह्यूस्टन आणि ब्राँक्समधल्या पहिल्यावहिल्या तुकड्यांतली, आठवी होऊन दहा वर्षे उलटलेली मुले कुठे आहेत, याचा हा शोध होता. त्यांतल्या ३३ टक्क्यांनी चार वर्षांची पदवी पूर्ण केली होती. तशाच गरीब घरांतल्या मुलांचे देशातले प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे यश चौपट. पण त्यापूर्वीच यातल्या बहुसंख्य मुलांनी महाविद्यालयात पाऊल ठेवले होते आणि शाळेचे वचन तर सर्वांनाच पदवीचे होते. दर तिघांतली दोघे कुठेतरी राहून गेली.

हा अहवाल आम्हांला या सबंध इतिहासातले सर्वांत प्रामाणिक पान वाटते. कोणत्याही कायद्याने त्यांना हा हिशेब मागितला नव्हता. आठवीनंतर मुले शाळेच्या जबाबदारीतून सुटली होती. किपची शाळा मुळात पाचवी ते आठवीचीच, ह्यूस्टनमध्ये त्यांचे पहिले हायस्कूल निघायला २००४ उजाडले. एखादी शाळा आपले विद्यार्थी सोडून गेल्यावर दहा वर्षांनी त्यांचे काय झाले हे मोजते आणि ते आकडे चारचौघांत ठेवते, हे कोणत्या देशात सर्रास घडते? आपल्या महाविद्यालयांनी प्रथम वर्षाला घेतलेल्यांपैकी किती जण तृतीय वर्षाला बसले याचा तक्ता सूचनाफलकावर लावल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

कारणे शोधताना दोन तऱ्हेची उत्तरे आली. एक तऱ्हा मुलाच्या आत पाहणारी. टिकून राहिलेली मुले नेहमीच सर्वाधिक गुणांची नव्हती. आशावाद, चिकाटी, लोकांत मिसळण्याची हातोटी त्यांच्याकडे होती, असे किपच्या एका संस्थापकाला दिसले. मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ यांच्या साहाय्याने न्यूयॉर्कमध्ये चारित्र्याचे प्रगतिपुस्तक तयार झाले. 'ग्रिट', म्हणजे नेट, हा शब्द काही वर्षे सगळ्यांच्या तोंडी होता. आम्हांला हा जुन्या 'सबब नाही'चाच मवाळ अवतार वाटतो. पुन्हा ओझे मुलावरच.

दुसरी तऱ्हा रस्त्याकडे पाहणारी. प्रवेश मिळालेली काही मुले उन्हाळ्यातच विरून जातात. जूनमध्ये टाळ्या घेतलेला मुलगा शरदात वर्गात दिसत नाही, कारण मधल्या काळात कोणता तरी अर्ज, कोणती तरी अनामत, कोणती तरी वैद्यकीय नोंद राहिलेली असते आणि घरात ते कागद पूर्वी कोणी पाहिलेले नसतात. पुढे काहीशे डॉलरची तूट येते. भावंडांना सांभाळायला घरी बोलावणे येते. श्रीमंत मुलांच्या वसतिगृहात एकटेपणा येतो. यांतले काहीही चिकाटीने भरून निघत नाही. ते कोणीतरी शेजारी बसून, फोन उचलून, फॉर्म भरून देऊन निघते.

तिसरे एक कारण होते आणि ते शाळेच्या वर्गातूनच गेले होते. समाजशास्त्रज्ञ जोअ‍ॅन गोलान यांनी अशा एका कडक शिस्तीच्या शाळेत वर्षाहून अधिक काळ बसून निरीक्षण केले. २०१५ मध्ये त्यांचा लेख आला, २०२१ मध्ये पुस्तक. तेथील मुले स्वतःवर पहारा ठेवायला, मत गिळायला आणि सांगितले तसे करायला शिकत होती. मध्यमवर्गीय घरांतली मुले मात्र लहानपणापासून नेमके उलटे शिकतात : शंका विचारणे, हुज्जत घालणे, मुदत वाढवून मागणे, शिक्षकाच्या खोलीत बिनधास्त जाऊन बसणे. महाविद्यालय हे या दुसऱ्या सवयींवर चालते. प्रथम वर्षाच्या वर्गाला कविता शिकवणाऱ्या कोणालाही हे मूल ओळखू येईल : वेळेवर येणारे, टिपणे स्वच्छ काढणारे, आणि 'तुला काय वाटते?' असे विचारताच गप्प होणारे. बोलण्याची परवानगी मागायला शिकवलेल्या मुलाला बोलण्याचा हक्क बजावता येत नाही. आणि अडचण आली की मदत मागणे हीदेखील त्याला सबबच वाटू लागते.

या वर्गांतल्या गोष्टी वर्गाबाहेरच्या राजकारणापासून तोडता येत नाहीत. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले. त्यानंतर राज्य सरकारने शहरातल्या शंभराहून अधिक शाळा स्थानिक मंडळाकडून काढून घेतल्या आणि काही वर्षांत बहुतेक सगळे शहर चार्टर शाळांचे झाले. सात हजारांहून अधिक कर्मचारी एका फटक्यात कामावरून गेले; शिक्षकांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय, अनेक जण त्याच वस्त्यांत वाढलेले. तुलेन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवले की त्यानंतर तेथील परीक्षांचे निकाल, बारावी पूर्ण करणाऱ्यांचे आणि महाविद्यालयात जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुलाला पदवीकडे नेणाऱ्या वाटेवर त्याच्या मावशीची नोकरी गेली, याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा?

म्हणूनच या प्रश्नावर कृष्णवर्णीय समाजात एकमत कधीच नव्हते. १९६९ मध्ये माल्कम एक्सच्या नावाने विद्यापीठ काढणारे हॉवर्ड फुलर पुढे मिलवॉकीचे शाळाप्रमुख आणि चार्टर शाळांचे कट्टर समर्थक झाले. आपल्या मुलांच्या शाळा आपल्या हाती असाव्यात, हे दोन्ही ठिकाणी त्यांचे सूत्र होते. उलट एनएएसीपी या जुन्या संघटनेने २०१६ साली नव्या चार्टर शाळांना स्थगिती मागितली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये, जिथल्या बॉस्टनच्या चार्टर शाळा देशात उत्तम गणल्या जात, मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव सुमारे ६२ टक्के मतदारांनी फेटाळला.

आपल्याकडे हा प्रवाह आडवाटेने आला. 'टीच फॉर अमेरिका'च्या धर्तीवर २००९ मध्ये पुणे आणि मुंबईच्या वर्गांत 'टीच फॉर इंडिया'ची तरुण मंडळी उभी राहिली. सनद आली नाही, पण उत्साह आला. दोन वर्षांनी शिक्षक निघून जातो, हा मूळ योजनेतला भागही आला.

२०२० च्या उन्हाळ्यात, मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाल्यानंतर, किपने 'मेहनत करा, चांगले वागा' हे आपले पंचवीस वर्षांचे घोषवाक्य उतरवले. मेहनत आणि चांगुलपणा वाईट म्हणून नव्हे; ही वाक्ये फक्त काळ्या-सावळ्या मुलांनाच इतक्या आग्रहाने का ऐकवली जातात, हा प्रश्न टाळता येईना म्हणून. काहींनी त्यावर उपहास केला. आम्हांला तो फलक थोडा उशिरा उतरला असे वाटते.

आणि २०२३ मध्ये 'मॅथेमॅटिका' या संशोधन संस्थेचा अभ्यास आला. किपची फक्त माध्यमिक शाळा लाभलेल्या मुलांच्या पदवीच्या शक्यतेत लक्षणीय फरक दिसला नाही. परंतु जी मुले पाचवी-सहावीपासून बारावीपर्यंत त्याच छत्राखाली राहिली, त्यांच्यात महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण ३१ टक्केबिंदूंनी आणि पदवी पूर्ण करण्याचे १९ टक्केबिंदूंनी वाढले होते. सात-आठ वर्षांची सोबत, आणि त्यापुढे महाविद्यालयातही फोन उचलणारा माणूस. कलोनच्या त्या शाळेत शिक्षक सहा वर्षे मुलांबरोबर राहत, हे शँकरांनी १९८७ सालीच पाहिले होते.

अशा अभ्यासात तुलना कोणाशी केली जाते, हेही सांगायला हवे. ज्यांनी त्याच शाळेसाठी अर्ज केला, ज्यांच्या आईवडिलांनी त्याच सभागृहात बसून नावे पुकारली जाताना ऐकली आणि ज्यांची चिठ्ठी निघाली नाही, त्या मुलांशी. ती आपल्या पत्त्यावरच्या शाळेत परत गेली. अहवालात त्यांचा एक स्तंभ आहे, उंचीने कमी.